ओट्यावरच्या नऊ पट्ट्या

१

वंदनाताई पडल्या तेव्हा रंगमंचावर काळोख होता, आणि तो काळोख मीच केला होता.

रविवार, दुपारचे चार वाजून चोवीस मिनिटं. मुरबाडच्या अलीकडच्या एका गावातल्या सभागृहात आमच्या शहापूरच्या मंडळाचा प्रयोग चालू होता. पंधरा दिवसांनी स्पर्धा होती. त्याआधी खऱ्या प्रेक्षकांसमोर नाटक एकदा उभं राहावं, म्हणून हा प्रयोग लावला होता. बावीस मिनिटांचा पहिला प्रवेश संपला, मी डिमरचे सगळे खटके खाली घेतले आणि मनात आकडे मोजू लागले. सात झाले की दिवे परत लावायचे. चौथ्या आकड्याला लाकडावर काहीतरी आदळलं, आणि पाठोपाठ एक दबकं कण्हणं ऐकू आलं.

मी दिवे लावले. वंदनाताई ओट्याखाली कुशीवर पडल्या होत्या. डाव्या मनगटाचा कोन बघूनच कळलं की आजचा प्रयोग इथेच संपला. कोणीतरी पडदा ओढला.

हा ओटा म्हणजे आमच्या नेपथ्यातला घरापुढचा कट्टा. प्लायवूडचा, अडीच फूट उंच, वरून गेरू आणि मातीच्या रंगाचा हात दिलेला. ताई नाटकातल्या विधवा आजी. पूर्ण प्रवेशभर त्या ओट्याच्या उजव्या टोकाला बसून असतात. काळोख झाला की त्यांनी उठायचं, कडेकडेने डावीकडे चालायचं, पायरी उतरायची आणि विंगेत जायचं. काळोखात पायरी सापडावी म्हणून ओट्याच्या कडेवर, फूटफूट अंतराने, अंधारात हिरवट चमकणाऱ्या नऊ पट्ट्या चिकटवल्या होत्या. दुकानदार त्याला रेडियम म्हणतात. त्यात रेडियम नसतं. ती पट्टी उजेड साठवते आणि अंधारात थोडा थोडा सोडते. प्रेक्षक खाली बसलेले असल्यामुळे त्यांना ती दिसत नाही. पाचवी पट्टी आली की समोर पायरी. पाच मोजायच्या आणि वळायचं. ही कल्पना माझी होती.

ताई पडल्या त्या सहाव्या पट्टीसमोर.

डॉक्टरकडे नेताना त्या दोनदा म्हणाल्या, "मी पाच मोजल्या. पाच मोजूनच वळले."

दिग्दर्शक किशोर सर शाळेत भूगोल शिकवतात आणि कोणत्याही गोष्टीचा नकाशा काढल्याशिवाय बोलत नाहीत. त्यांनी ओट्यावर जाऊन पट्ट्या मोजल्या. नऊच्या नऊ जागेवर होत्या. म्हणजे ताईंचं मोजणं चुकलं, असं ते म्हणणार, एवढ्यात हरेश बोलला. हरेश नाटकातला मुलगा. प्रवेशभर खाली बाजेवर बसलेला असतो. त्याने सांगितलं की दिवे लागल्यावर सगळे ताईंकडे धावले, पण देवरामकाका ओट्यावर चढले, उजव्या बाजूला गुडघ्यावर बसले, कडेवरून हात फिरवला आणि काहीतरी खिशात घातलं.

देवरामकाका आमचं नेपथ्य सांभाळतात. एकतीस वर्षं. पट्ट्या त्यांनीच लावल्या होत्या. गेल्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून सरांची नजर त्यांच्या कामावर जरा जास्तच असे.

सरांनी विचारलं, खिशात काय आहे. काकांनी खिशावर हात ठेवला. सर म्हणाले, एक पट्टी लावायची राहिली होती, ती तुम्ही ताई पडल्यावर लावलीत आणि उरलेली गुंडाळी खिशात टाकलीत, असंच ना?

काका जमिनीकडे बघत होते. "माझी चूक धरा, सर," ते म्हणाले.

"चूक झाली असती तर चाललं असतं काका. तुम्ही लपवलीत."

स्पर्धेला येऊ नका, असं सरांनी त्यांना तिथेच सांगितलं. काकांनी गळ्यातला हातोडीचा पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि ते बाहेर गेले.

मी वही उघडली. दिव्यांची वही मी मिनिटांनिशी लिहिते. पान चौदा, तिसऱ्या घंटेनंतरची नोंद: *४.०१. पडदा बंद. ताई जागेवर. काळोख तपासला. पट्ट्या नऊ.*

२

मी वही सरांना दाखवली. त्यांनी ती वाचली आणि शांतपणे परत दिली. "तू नऊ बघायला बसली होतीस, म्हणून तुला नऊ दिसल्या," ते म्हणाले. "तुझ्या प्रयोगशाळेत याला पुरावा म्हणतात का?"

म्हणत नाहीत. मी कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत काम करते, आणि एकाच माणसाने एकदाच घेतलेलं मोजमाप मी स्वतः मुलांना खोडायला लावते. माझ्या डोळ्यांवर अवलंबून नसलेलं काहीतरी हवं होतं.

मंडळाचं सामान आसनगावला एका बंद पिठाच्या गिरणीत असतं. सोमवारी संध्याकाळी कामावरून सुटल्यावर हरेशने कुलूप उघडून दिलं. ओटा भिंतीला उभा लावला होता. मी आधी सगळ्यात सोपी शंका तपासली: एखादी पट्टीच निकामी असेल तर? प्रत्येक पट्टीवर एक-एक मिनिट बॅटरी धरली आणि दार लावून घेतलं. नऊही सारख्याच चमकल्या.

मग मी पट्ट्यांची टोकं बघितली. काका पट्टी कात्रीने कापतात, आणि त्यांची कात्री कधी सरळ चालत नाही. प्रत्येक काप वेगळ्या तिरक्या रेषेत. पहिलीचं डावं टोक जसं तिरकं होतं, अगदी तसंच दुसरीचं उजवं. दुसरीचं डावं आणि तिसरीचं उजवंही जुळत होतं. भाकरीचे तुकडे परत जुळवावेत तशा नऊच्या नऊ पट्ट्या ओळीने एकमेकींना जुळल्या. गुंडाळीवरून एकापाठोपाठ एक कापून त्या क्रमाने लावलेल्या होत्या. नंतर एखादी घुसवली असती तर तिची टोकं नववीनंतरच्या कापाशी जुळली असती, शेजारणींशी नाही.

म्हणजे ताई पडल्यावर काकांनी पट्टी लावली नव्हती. मग त्यांनी चूक कबूल कशाला केली?

मी बॅटरी जवळ नेऊन एकेक पट्टी न्याहाळली. तिसरीवर, दोन्ही टोकांजवळ, धूळ धरलेले दोन गोल चिकट डाग होते. मोजपट्टी ठेवून मोजले: चार मिलिमीटर व्यास, दोन्ही सारखे.

हरेश माझ्या खांद्यावरून बघत होता. "टिकली," तो म्हणाला. "आमच्या आरशावर बायकोच्या असल्या पन्नास हायेत."

३

टिकल्यांचा डबा प्रियांकाकडे असतो. कपडेपट तिचा. शिवाय ताईंची भूमिका तिला पाठ आहे आणि कालपासून सरांनी तिलाच ती करायला सांगितलं आहे. गिरणीतून बाहेर पडताना हरेशने ही बेरीज माझ्याआधी करून टाकली. "सीधी बात हाय. पट्टी झाकली, ताई पडल्या, रोल हिचा."

मी त्याला म्हटलं, तू त्या दिवशी बाजेवर बसून प्रवेशभर ताईंकडे बघत होतास, तुला वेगळं काही दिसलं का? त्याने बराच विचार केला. काही नाही, म्हणाला. उलट ताई एकदम फर्स्टक्लास. ते लांब भाषण, ज्यात त्या तालमीला रोज दोन-तीनदा अडकायच्या, त्या दिवशी एका दमात म्हटलं. मान खाली घालून, हळू आवाजात. सरांनी विंगेतून अंगठा दाखवला.

प्रियांका मंगळवारी शहापूरला भेटली. मी आडवळणाने विचारायला गेले आणि तिने सरळ उत्तर दिलं.

"मी पाडलं असं वाटतंय ना तुला? सगळ्यांनाच वाटतंय. हरेश तर आज मला आजीबाई म्हणून हाक मारत होता."

तिने डबा माझ्यासमोर उपडा केला. टिकल्या होत्या, पण सगळ्या मोठ्या, मेणावर लावायच्या कुंकवाएवढ्या. लांबून दिसाव्यात म्हणून. चार मिलिमीटरची एकही नाही. पूर्ण पहिल्या प्रवेशात ती तळघरातल्या खोलीत दुसऱ्या प्रवेशाची लुगडी नीट करत होती; बरोबर गावातल्या दोन बायका मदतीला होत्या. आणि मग ती म्हणाली, ही भूमिका तिला नकोच होती, निदान अशी नको होती. ताईंनीच तिला तालमीत बाजूला घेऊन शिकवली होती. "माझ्याकडून रोज म्हणवून घ्यायच्या. स्वतः म्हणायच्याऐवजी."

हे शेवटचं वाक्य मी घरी येऊन वहीत लिहिलं, आणि त्याच्याखाली जे नक्की माहीत होतं ते लिहिलं.

४.०१ ला, काळोखात, नऊ पट्ट्या दिसत होत्या. माझ्या डोळ्यांवर विश्वास नसला तरी कात्रीचे काप आता माझ्या बाजूने होते. ४.२४ ला आठ दिसल्या. तिसरी झाकलेली होती. पट्टी मधल्या तेवीस मिनिटांत झाकली गेली, म्हणजे भर उजेडात, पडदा उघडा असताना.

जो मुद्दाम पाडतो, तो नंतर पुरावा काढून घ्यायला येतो. पुरावा काढला तो काकांनी; पण काका त्या तेवीस मिनिटांत माझ्या शेजारी डाव्या विंगेत पडद्याच्या दोरीपाशी उभे होते. त्यांचं खोकणं मला ऐकू येत होतं. म्हणजे ज्याने झाकलं त्याने काढलं नाही, आणि ज्याने काढलं त्याने झाकलं नाही. काका दुसऱ्या कोणाला तरी वाचवत होते.

आणि त्या तेवीस मिनिटांत ओट्यावर एकच माणूस होतं.

४

काकांचं घर भातसानगरच्या अलीकडे, रस्त्याच्या खाली. नोकरीची सगळी वर्षं ते धरणाच्या दरवाज्यांवर हेल्पर होते. मी बुधवारी गेले तेव्हा ते खाटेची सुंभं आवळत बसले होते. सकुबाईंनी, त्यांच्या बायकोने, चहा ठेवला आणि मला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटल्या की तीन दिवसांत या माणसाने घरातली प्रत्येक वस्तू दोनदा दुरुस्त केली, आता बहुतेक माझी पाळी.

मी काकांना कापांबद्दल सांगितलं, टिकल्यांबद्दल सांगितलं, तेवीस मिनिटांबद्दल सांगितलं. मग मी म्हटलं, "चिठ्ठी होती ना? ताईंच्या भाषणाची?"

त्यांनी सुंभाची गाठ पुरी केली. मग उठून आत गेले आणि घडी घातलेल्या सदऱ्याच्या खिशातून एक कागद घेऊन आले. वहीचं अर्धं पान, शिसपेन्सिलीने मोठ्या अक्षरात अकरा ओळी. मागे दोन बारीक हिरव्या टिकल्या. विधवा आजी म्हणून रंगायच्या आधी ताईंनी स्वतःच्या पाकिटातून काढलेल्या.

काकांनी सांगितलं ते असं. ते नेपथ्य करतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण बावीस वर्षं ते प्रॉम्प्टिंगही करत. विंगेत उभं राहून, वही धरून, अडलेल्याला शब्द द्यायचा. वंदनाताईंना पूर्ण वाक्य कधीच लागलं नाही. पहिला शब्द दिला की पुढचं आपोआप यायचं. यंदा सरांनी प्रॉम्प्टर बंद केला. परीक्षकांना ऐकू गेलं तर गुण जातात म्हणून.

"आनि हिला तर आता जास्तच लागतं. वय झालं. मला तालमीत दिसत व्हतं, पन मी का बोलनार?" ते म्हणाले. "मागच्या मानसानं पुढच्याची लाज राखायची गो. एवढंच आपलं काम. बाकी नुसती हमाली."

चिठ्ठी कोणाच्या हाती लागली असती तर ताईंचं नाटक संपलं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मनगट दोन महिन्यांत जुळतं. विसरते असं एकदा नाव झालं की ते पुसत नाही. मग कोणी बोलावत नाही.

"आणि तुमचं?" मी विचारलं.

"माझं का? मी कुठं दिसतो कोनाला."

आतून सकुबाई म्हणाल्या, "मला दिसता. दिवसभर."

काकांनी माझ्याकडून शब्द घेतला. किशोरला सांगू नको, हरेशला नको, प्रियांकाला नको. मी हो म्हटलं. या यादीत एक नाव नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. ही चलाखी होती आणि ती मी केली.

५

ताईंचं गाव मुरबाडच्या पुढे. गुरुवारी सुट्टी टाकून स्कूटीवरून गेले. त्या पडवीत बसल्या होत्या, प्लास्टरमधला हात उशीवर. त्यांनी आधी काकांचाच विषय काढला. म्हाताऱ्याला दिसत नाही, आणि मंडळात तोंडावर सांगायची कोणाची छाती नाही; किशोरने काढलं ते बरं केलं, नाहीतर उद्या एखाद्याचा जीव गेला असता. त्यांचा राग खरा होता. त्यांनी खरंच पाचच मोजल्या होत्या.

मी विचारलं, "ताई, चिठ्ठी कशावर चिकटवली होती?"

समोरच्या खळ्यात कोंबडी पिल्लांना घेऊन फिरत होती, त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"विंगेतला पंखा जोरात व्हता," अखेर म्हणाल्या. "उडून गेली असती. फळीवर टिकली चिकटत नव्हती, गेरूच हाताला यायचा. एकच जागा गुळगुळीत व्हती." काळोख झाल्यावर त्यांनी हाताने चिठ्ठी चाचपली, मिळाली नाही, वेळ नव्हता, तशाच उठून चालू लागल्या. नंतर वाटलं, झाडताना गेली असेल.

मग त्यांनी चांगला हात वर केला आणि बोटं मोजली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट मिटलेलं ठेवून पुढची. पाच भरायला एक बोट कमी पडलं. त्या थांबल्या.

"देवरामनं उचलली?"

"हो."

"आनि बोलला नाय कोनाला?"

"नाही."

त्यांनी हात मांडीवर ठेवला. मी त्यांना सांगितलं की चूक माझीही आहे. पायरीला वेगळी खूण ठेवायला हवी होती. मोजण्यावर सोडलं की एक पट्टी गेली तरी सगळं एका फुटाने सरकतं. कोणताही विद्यार्थी हे मला सांगू शकला असता. त्यांनी ते ऐकलं की नाही, माहीत नाही. मी निघताना, आता काय करणार, ते त्यांनी सांगितलं नाही. चहा घेऊन जा, एवढंच म्हणाल्या.

६

रविवारी सकाळी गिरणीत तालीम होती. प्रियांका ओट्यावर बसून भाषण म्हणत होती. दुसरं वाक्य झालं आणि दाराशी रिक्षा थांबली.

वंदनाताई उतरल्या. त्यांच्या मागून देवरामकाका, इस्त्रीचा सदरा घालून, कोणीतरी जबरदस्तीने लग्नाला आणल्यासारखे. ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

ताई बसल्या नाहीत. त्यांनी काकांकडून घेतलेली चिठ्ठी कमरेच्या पिशवीतून काढली, किशोर सरांच्या हातात दिली आणि तालमीत बोलतात त्याहून सावकाश बोलल्या.

"ही माझी. पट्टीवर मीच लावली, म्हनून पट्टी दिसली नाय, म्हनून मी पडले. यानं ती खिशात घातली. मला आता बोलनं ध्यानात ऱ्हात नाय, सर. पयला शबुद लागतो. याला ते बावीस वर्सं माहीत हाय. तुमाला आज कळलं."

सरांनी चिठ्ठी उलटी केली, टिकल्या बघितल्या, परत सुलटी केली. ओट्यावरून प्रियांका खाली उतरली आणि ताईंना बसायला जागा करून दिली.

"भूमिका मला द्यायची का हिला, ते तुमी ठरवा," ताई म्हणाल्या. "पन जिला द्याल तिच्यासाठी विंगेत मानूस पायजे."

सर म्हणाले, प्रॉम्प्टर ऐकू गेला तर गुण कापतात. ते कोणाला पटवत नव्हते, नुसतं आठवून बोलत होते.

"मनगटापेक्षा स्वस्त हायेत, सर," हरेश म्हणाला.

सरांनी चिठ्ठीची घडी घातली आणि ताईंना परत दिली. मग ते दाराकडे वळले. त्यांना काय म्हणायचं होतं ते दोनदा ओठांवर येऊन गेलं. पण ते शिक्षक आहेत, चुकलो म्हणायची सवय त्यांना कमी आहे.

"काका," ते म्हणाले, "स्पर्धेच्या दिवशी टेम्पो किती वाजता भरायचा?"

देवरामकाका उंबरा ओलांडून आत आले, पायरीचा ठोकळा पायाने थोडा सरकवून बघितला, ओट्याच्या एका कोपऱ्यावर हात ठेवून तो हलतो का ते तपासलं.

"पाचला," ते म्हणाले. "आनि तुमी भरायला येऊ नका. मागच्या टायमाला दरवाजा उलटा भरलात."